जादूची भीती कुणाला?

मुलांच्या हातात ‘हॅरी पॉटर’ दिसलं की आपल्या घरांत अजूनही कुणीतरी म्हणतंच, ‘जादूची पुस्तकं कशाला? ईमान बिघडतं.’ हे म्हणणाऱ्यांनीच लहानपणी हातिमताईच्या गोष्टी आवडीने वाचलेल्या असतात. आणि लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३पासून छापलेला उर्दू ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ तर जादूगारांनीच भरलेला आहे. तेव्हा कुणाचं ईमान बिघडलं?

माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीने सातही भाग वाचून काढलेत. जादूबद्दल ती फारसं बोलत नाही, ती खोटी आहे हे तिला कळतं. तिला राग येतो तो ‘शुद्ध रक्ता’चा. हर्मायनी वर्गात सगळ्यांत हुशार, पण आईबाप जादूगार नाहीत म्हणून तिला घाणेरड्या रक्ताची म्हणायचं! चौथ्या भागात ती फुकट राबणाऱ्या एल्फांसाठी संघटना काढते, तर जिवलग मित्रच थट्टा करतात. सिनेमात तो भाग गाळलाय, याचा भाचीला वेगळा राग.

मग तिने विचारलं, ‘मामू, आपल्यात सगळे बराबर ना? मग रिश्ता बघताना बिरादरी का विचारतात?’

सय्यद, शेख, अत्तार, पिंजारी, बागवान. काय सांगणार? मसावात, म्हणजे समता, जुम्म्याच्या बयानात असते. लग्नाच्या बोलणीत नसते. आमचे सुधारणेचे लेख वाचून तिला हा प्रश्न पडलेला नाही. (ती ते वाचतही नाही. फार कंटाळवाणे असतात म्हणे.)

आता तिला सबा ताहिर यांचं ‘ॲन एम्बर इन द ॲशेस’ हवंय. त्यात जिन्न आहेत, गुलामगिरीही आहे. मी मागवलंय.