संगणकाची चूक कोणाच्या खात्यावर?

मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नेकनूर हे बीड तालुक्यातील बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी येथे आठवडी बाजाराला येतो, जनावरे विकतो, बी-बियाणे नेतो, उधारी करतो आणि फेडतो. अशा गावांचे अर्थकारण पिढ्यान्‌पिढ्या वह्यांवर चालत आले आहे. आडत्याची वही, दूध संकलन केंद्राची वही आणि सेवा सोसायटीची किर्द-खतावणी. या वह्यांची जागा आता संगणक घेत आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पुढे तिची व्याप्ती वाढविण्यात आली. मूळ आकड्यांवरून दर संस्थेमागे सरासरी चार लाख रुपये पडतात. खर्चाचा हिशेब असा मांडला गेला. जोखमीचा हिशेब मात्र अद्याप कोणी सभासदापुढे ठेवलेला नाही.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. संगणकाला विरोध करण्याचे हे निमित्त नाही. वहीचा काळ सुवर्णकाळ होता, असे म्हणणे म्हणजे खेड्यातील कर्जदाराचा अनुभव विसरणे होय. वहीतही खाडाखोड झाली, पाने गहाळ झाली, न घेतलेले कर्ज नावावर पडले. बीड जिल्ह्याने जिल्हा बँकेची पडझड पाहिली, पतसंस्थांच्या बंद दारांपुढे रांगा लावून उभे राहिलेले ठेवीदारही पाहिले. ते संकट यंत्राने आणले नव्हते, माणसांनी आणले होते. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनीही १९८३ साली यंत्रे सरसकट नाकारली नाहीत. ती कोणत्या अटींवर यावीत, याचा त्यांनी बँकांशी करार केला. तो अटींचा प्रश्न आज सोसायटीच्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे. फरक इतकाच, की येथे अटी घालणारी संघटना नाही.

नव्या प्रणालीची जोखीम कमी कशी करावी, याविषयी व्यवस्थापनशास्त्रात विपुल सल्ला उपलब्ध आहे. तो बहुधा मालकाच्या दृष्टीने दिलेला असतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मूळ प्रश्न वेगळा आहे. निर्णय घेणारा एक आणि त्याचे नुकसान सोसणारा दुसरा, अशी रचना असेल तर निर्णय घेणारा सावध राहण्याचे कारणच उरत नाही. कागदावर जोखीम कमी झालेली दिसते. वस्तुतः ती दुबळ्याच्या खांद्यावर सरकलेली असते.

याचा सर्वांत विदारक दाखला ब्रिटनच्या टपाल खात्याने दिला. १९९९ पासून तेथील टपाल कचेऱ्यांत ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली बसविण्यात आली. प्रणालीतील दोषांमुळे नसलेली तूट दिसू लागली. गावोगावची टपाल कचेरी कराराने चालविणाऱ्या पोस्टमास्तरांनी ती खिशातून भरावी, असा खात्याचा आग्रह होता. अनेकांनी घरे गहाण टाकली, काही तुरुंगात गेले, नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. संगणक चुकत नाही, हे गृहीत धरण्यात आले होते. चूक दाखवून देण्याचा भार, ज्याच्या हाती काहीच नव्हते त्या माणसावर होता. २०१९ साली न्यायालयाने प्रणालीचे दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये या शिक्षा रद्द करण्यासाठी संसदेला खास कायदा करावा लागला. नेकनूरच्या वाचकाने त्या पोस्टमास्तरच्या जागी गावच्या सोसायटीचा गटसचिव कल्पून पाहावा. जुन्या खतावणीतील आकडे भरणारे हात कंत्राटदाराचे, प्रणाली परक्याची, आणि शिल्लक जुळली नाही तर सही गटसचिवाची व बाकी सभासदाच्या नावे!

परदेशातच जायला हवे असे नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली पदवी परीक्षांच्या सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. आधी एखाद्या विद्याशाखेत, एखाद्या परीक्षेत प्रयोग करून पाहावा, हा साधा विवेक बाजूला ठेवून सर्व परीक्षा एकदमच नव्या पद्धतीखाली आणण्यात आल्या. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. परंतु पुढच्या प्रवेशाची संधी ज्यांनी गमावली, त्या विद्यार्थ्यांचे वर्ष कोणत्या कारवाईने परत आले?

त्याच वर्षीची शेतकरी कर्जमाफी मराठवाड्याला अधिक जवळची. ३४,००० कोटींची घोषणा जून २०१७ मध्ये झाली. शेतकऱ्याने सेवा केंद्रावर जाऊन संगणकावर अर्ज भरायचा, बँकांनी स्वतंत्रपणे माहिती पाठवायची आणि दोहोंचा मेळ यंत्राने घालायचा, अशी योजना होती. दिवाळीच्या मुहूर्तावर प्रमाणपत्रे वाटली गेली. आकड्यांचा मेळ मात्र बसेना आणि खात्यात पैसे पडण्यास विलंब झाला. डिसेंबर २०१९ मध्ये पुढच्या सरकारने दुसरी कर्जमुक्ती जाहीर केली, तेव्हा क्रम बदलला होता. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लागली ती केवळ ६८ गावांची, जिल्ह्यागणिक दोन. यादी गावात लावली गेली, शेतकऱ्याने ओळख पटविताना आपली रक्कम पाहायची आणि ती मान्य नसेल तर तसे नोंदवायचे. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जायची. चार-पाच दिवसांनी लाखो खात्यांची दुसरी यादी आली. दुसरी योजना निर्दोष होती असे नाही. पण शासन तेच, शेतकरी तेच, संगणकही बहुतांशी तेच असताना दोन गोष्टींनी फरक पडला. आधी लहान प्रमाणावर पडताळणी झाली, आणि ज्याचे खाते त्याला ‘हा आकडा मला मान्य नाही’ असे म्हणण्याची जागा मिळाली.

दुसरा धोका परावलंबनाचा. ३१ जुलै २०२४ रोजी लहान सहकारी व ग्रामीण बँकांना संगणक-सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला. तो पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने त्या कंपनीची जोडणी तोडली आणि सुमारे तीनशे बँकांचे देयक-व्यवहार एकाएकी थांबले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. देशाच्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. मुंबईत बसून पाहणाऱ्याला अर्धा टक्का नगण्य वाटेल. ज्याचे एकमेव खाते अशा बँकेत आहे, त्याच्यासाठी तो शंभर टक्के असतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांत ९४ कोटी रुपये चोरट्यांनी संगणकमार्गे काढून नेले. मोठी बँक तो धक्का पचवू शकली. गावच्या सोसायटीचे भागभांडवल ते काय, आणि तिला पचणार तरी किती?

मग करावे काय? पहिले म्हणजे वही आणि संगणक काही काळ समांतर चालले पाहिजेत, आणि तो काळ कंत्राटदाराच्या सोयीने न ठरता पिकाच्या हंगामाने ठरला पाहिजे. एक खरीप आणि एक रब्बी, म्हणजे वाटप, व्याज-आकारणी आणि वसुली यांचे एक पूर्ण चक्र. या चक्रात दोन्हीकडचे आकडे जुळल्याखेरीज वही मिटू नये. जूनमधील पीककर्ज वाटपाच्या वा मार्चअखेरच्या वसुलीच्या तोंडावर तर बदल मुळीच करू नये. मुदतीत फेड केली तरच व्याजसवलत मिळते. शेवटच्या दिवशी यंत्रणा बंद पडली, तर सवलत बुडते ती शेतकऱ्याची. म्हणून अशा दिवशी मुदत आपोआप वाढेल, असा लेखी नियम हवा.

दुसरे, संगणकात भरलेल्या आरंभीच्या शिलकेचे चावडीवाचन व्हावे आणि प्रत्येक सभासदाला त्याच्या बाकीची सही-शिक्क्याची चिठ्ठी मिळावी. दोन कर्जमाफ्यांनंतर कित्येकांची बाकी वादग्रस्त आहे. ती एकदा यंत्रात शिरली की तिला वेदवाक्याचे स्वरूप येते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावी परतल्यावर हे वाचन व्हावे, एवढेही भान असावे.

तिसरे, करारात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. माहिती संस्थेच्या मालकीची. सेवा बंद पडली तर ती किती तासांत सुरू करायची. कंपनी बदलायची झाल्यास सर्व नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत द्यायच्या. आणि दोषामुळे झालेले नुकसान पुरवठादाराने भरायचे. बँकेने बाहेरच्या कंपनीकडे काम सोपविले तरी जबाबदारी बँकेचीच राहते, हे रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या निर्देशांत म्हटले आहे. प्राथमिक सोसायट्या रिझर्व्ह बँकेच्या कक्षेबाहेर आहेत. ती उणीव सहकार खात्याने भरून काढावी.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, केवळ पडद्यावरील आकड्याच्या आधारे गटसचिवाकडून वा सभासदाकडून एक रुपयाही वसूल होऊ नये. स्वतंत्र तपासणी आधी, वसुली नंतर.

यावर आक्षेप येईल की दुहेरी नोंदीने खर्च वाढतो, काम रेंगाळते आणि लहान संस्थेला हे परवडत नाही. आक्षेप खरा आहे. पण हा खर्च टाळला म्हणजे नाहीसा होत नाही. तो पुढे चुकीच्या बाकीच्या आणि बुडालेल्या सवलतीच्या रूपाने सभासद भरतो. दर संस्थेमागे चार लाखांची तरतूद करणाऱ्या शासनाने एका वर्षाच्या जादा मनुष्यबळाचा व प्रशिक्षणाचा खर्चही त्या तरतुदीचाच भाग मानला पाहिजे. गावातील शिकलेल्या तरुण-तरुणींना या निमित्ताने वर्षभराचे काम मिळेल, हा लाभ वेगळाच. आडतीवर व दूध केंद्रावरही हेच तत्त्व लागू आहे. काट्याचा आणि फॅटचा आकडा यंत्र सांगत असेल, तर त्याची छापील पावती आणि फेरतपासणीचा हक्क उत्पादकाला असलाच पाहिजे.

मृगाचा पाऊस पडतो, रानात वाफसा येतो आणि पेरणीला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत कर्जासाठी सोसायटीच्या दारात आलेल्या शेतकऱ्याला ‘सर्व्हर बंद आहे, उद्या या’ असे सांगितले गेले, तर त्या उद्याची किंमत तो वर्षभर मोजतो. नेकनूरच्या सोसायटीत संगणक अवश्य यावा. त्या एका दिवसाची किंमत कोण भरणार, हे मात्र तो येण्यापूर्वी सभेत ठरावे आणि इतिवृत्तात लिहिले जावे.