वेळापत्रक कोणाच्या सोयीचे?

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून आपल्या बेळगावात आहे, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण तिथल्या अभ्यासक्रमाचे वेळापत्रक आपण पालकांनी कधी हातात घेऊन पाहिले आहे का?

संगणक शाखेत डेटा स्ट्रक्चर्स तिसऱ्या सत्रात, अल्गोरिदम चौथ्यात. हा क्रम बरोबरच आहे. क्यू समजल्याशिवाय ग्राफमधला शोध समजत नाही, आणि हीप न शिकता डायक्स्ट्राची रीत जलद कशी होते ते उमगत नाही. घोडे पेंड खाते ते महाविद्यालयाने केलेल्या आठवड्याच्या आखणीत. इथल्याच एका महाविद्यालयात माझ्या पुतण्याचे प्रात्यक्षिक सोमवारी आणि त्यावरचा तास गुरुवारी! लिंक्ड लिस्ट फळ्यावर येण्याआधी ती संगणकावर लिहायची. मग मुले काय करणार? वरच्या वर्गाची वही उतरवतात. तोही तास दिवसाचा शेवटचा, त्यामुळे खानापूरकडची मुले बस चुकेल म्हणून अर्ध्यातून उठतात. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचे तर विचारूच नका. त्यांचा प्रवेश होईतो स्टॅक आणि क्यू शिकवून झालेले होते.

आपली निवेदने फलक आणि परिपत्रकांपुरतीच का असावीत? ही मागणीही तितकीच न्याय्य आहे, आणि कानडी मुलांच्याही हिताची आहे. तास आधी, प्रात्यक्षिक नंतर. विषय सकाळच्या वेळेत. उशिरा आलेल्यांना पंधरा दिवस जादा तास. प्राचार्यांकडे एवढेच मागायचे आहे. ज्यांची मुले तिसऱ्या सत्रात जात आहेत त्यांनी वेळापत्रक लागताच त्याची प्रत मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी.