रिव्हर प्लेटला लागलेली केटी

प्लेसमेंट सेलच्या नोटीस बोर्डवर 'थ्रूआउट ६० टक्के' ही ओळ वाचून पोटात गोळा आला असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. दहावीत ८२, बारावीत ५८, आता शेवटच्या सेमला वर्गात तिसरा नंबर. तरी लिस्टमध्ये नाव नाही. का? तर बारावी! तीन वर्षांपूर्वीची ती मार्कशीट आजच्या तुमच्या हातातली नोकरी काढून घेते. अन्याय वाटतो ना? मलाही वाटला होता. तेव्हा हॉस्टेलमधल्या एका फुटबॉलवेड्या सीनियरने मला रिव्हर प्लेटची गोष्ट सांगितली.

अर्जेंटिना म्हटलं की आपल्याकडे मेस्सी आणि मॅराडोना. कोल्हापूरच्या पेठांत तर वर्ल्डकप आला की मेस्सीचे कटआउट उभे राहतात. पण तिथल्या लीगबद्दल विचारलं तर बहुतेक जण गप्प. या लीगमध्ये ब्युनोस आयर्सचे दोन संघ म्हणजे दोन पक्षच आहेत, बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट. रिव्हरची स्थापना १९०१ ची. २०११ पर्यंत, म्हणजे ११० वर्षांत, हा क्लब एकदाही खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला नव्हता.

२०१०-११ च्या हंगामात तो घसरला. आता गंमत बघा. त्या वर्षी रिव्हर वाईट खेळलाच नाही. तेव्हा तिथे एका हंगामात १९-१९ सामन्यांच्या दोन स्पर्धा व्हायच्या, आधी आपेर्तुरा आणि मग क्लाउसुरा. वीस संघांच्या या लीगमध्ये रिव्हर दोन्ही वेळा वरच्या निम्म्यात होता. आपल्याला माहीत असलेल्या इंग्लंड-स्पेनच्या लीगमध्ये एवढ्यावर कोणी खाली जात नाही. पण अर्जेंटिनात खाली कोण जाणार हे त्या वर्षाच्या तक्त्यावरून ठरायचं नाही. शेवटच्या तीन हंगामांचे गुण घ्यायचे, सामन्यांच्या संख्येने भागायचे आणि येणारी सरासरी बघायची. तिथला शब्द 'प्रोमेदियो'. आपला शब्द थ्रूआउट.

रिव्हरचा हिशोब असा : २००८-०९ मध्ये ४१ गुण, पुढच्या वर्षी ४३, आणि २०१०-११ ला ५७. एकूण ११४ सामन्यांत १४१ गुण. भागाकार १.२३ च्या आसपास. आलेख चढता आहे, पण भागाकाराला आलेख कळत नाही. त्याच वर्षी नव्याने वर आलेल्या ओलिंपोने रिव्हरपेक्षा कमी गुण मिळवले आणि तरी तो वाचला, कारण त्याच्या मागे जुन्या मार्कशीटच नव्हत्या.

इथपर्यंत ऐकून मी रिव्हरच्या बाजूने भांडायला तयार होतो. सीनियर म्हणाला, थांब, हा नियम आला कधी ते विचार.

नियम आला १९८३ मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी सान लोरेंझो हा मोठा क्लब खाली गेला होता. एक वर्ष वाईट गेलं म्हणून मोठ्यांनी का बुडावं, असा विचार त्यामागे होता, हे तिथला कोणीही फुटबॉलप्रेमी तुम्हाला सांगेल. नवा संघ एका खराब वर्षात बुडेल, मोठ्याला मात्र मागच्या दोन वर्षांची उशी. आणि पहिल्याच वर्षी या उशीने कोणाला वाचवलं? १९ संघांत अठराव्या आलेल्या रिव्हर प्लेटला! त्याऐवजी रासिंग खाली गेला. तेव्हा रिव्हरच्या कोणाला भागाकार अन्यायकारक वाटल्याचं काही ऐकिवात नाही.

माझ्या मते रिव्हरचं खरं नुकसान या उशीनेच केलं. २००८ च्या पूर्वार्धात डिएगो सिमिओनीच्या हाताखाली (हो, तोच, आता अ‍ॅटलेटिकोचा) रिव्हर चॅम्पियन झाला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात विसात विसावा. साधा नियम असता तर त्याच हंगामात सगळ्यांच्या झोपा उडाल्या असत्या. पण शिक्षा तीन वर्षं लांब होती. कोच बदलले, खेळाडू विकले, कर्ज वाढलं, आणि 'बघू पुढच्या सेमला' चालू राहिलं. आपण बॅकलॉग कसे साठवतो हे आठवून बघा. उद्याच परीक्षा असेल तर रात्र जागून अभ्यास होतो. तीन वर्षांनी फटका बसणार असेल तर कॅन्टीन.

मग आला जून २०११. शेवटची संधी म्हणजे खालच्या डिव्हिजनमधल्या कोर्दोबाच्या बेल्ग्रानोशी दोन सामने. बरोबरी झाली तरी वरचा संघ वर राहणार, एवढी सवलत रिव्हरला होती. २२ जूनला कोर्दोबात ०-२. २६ जूनला घरच्या मोनुमेंताल मैदानावर पाव्होनेने सुरुवातीलाच गोल केला, स्टेडियम पेटलं. दुसऱ्या अर्धात फार्रेने बरोबरी साधली. मग रिव्हरला पेनल्टी मिळाली, आणि पाव्होनेची ती किक गोलकीपर ओलावेने अडवली. शेवटच्या मिनिटांत प्रेक्षकांनी एवढा गोंधळ घातला की सामना पूर्ण झालाच नाही. क्लबचा अध्यक्ष होता डॅनिएल पासारेला. याच मैदानावर त्याने कॅप्टन म्हणून १९७८ चा वर्ल्डकप उचलला होता.

त्या दिवशीचा एक चेहरा मात्र मला सोडत नाही. एरिक लामेला, वय १९, मैदानावर रडणारा. सीनियर संघात तो आला २००९ च्या जूनमध्ये. म्हणजे रिव्हर विसावा आला तेव्हा हा पोरगा ज्युनियर संघात होता. ज्या निकालांत त्याचा पायही लागला नव्हता, त्यांचा भागाकार त्याच्या वाट्याला आला. ज्या पदाधिकाऱ्यांनी तो ढीग साठवला त्यांच्यातले कितीतरी तेव्हा खुर्चीवरही नव्हते. म्हणून मला हा नियम पटत नाही. क्लबला दोन-तीन वर्षांचा जाब विचारायला हरकत नाही, पण तो आज मैदानावर असलेल्याकडून वसूल करायचा?

आणि तरीही, पुढे जे झालं ते त्याहून वाईट. महिन्याभरात अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेने दोन डिव्हिजन एकत्र करून ३८ संघांची लीग करायचा घाट घातला. म्हणजे रिव्हर न जिंकता वर! लोक इतके भडकले की प्रस्ताव गुंडाळावा लागला. ग्रेस मार्क पाहिजेत म्हणून रजिस्ट्रारच्या दारात बसणाऱ्यांनी (मीही बसलोय) हे लक्षात घ्यावं. १९८३ सारखीच दुसरी उशी शिवायला निघाले होते.

रिव्हरने ते वर्ष खाली काढलं. कोच झाला मातियास आल्मेयदा, जो काही दिवसांपूर्वीपर्यंत त्याच संघात खेळत होता. छोट्या गावांतल्या छोट्या मैदानांवर सामने झाले, फ्रान्सचा वर्ल्डकप विजेता त्रेझेगे मधेच येऊन मिळाला, आणि २३ जून २०१२ ला त्याच्याच दोन गोलांनी रिव्हर वर आला. वर्ष पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते. डिसेंबर २०१८ मध्ये माद्रिदला बोकाला ३-१ हरवून त्यांनी कोपा लिबर्तादोरेस जिंकला.

पण बोकाची पोरं काही विसरत नाहीत. दुसऱ्या डिव्हिजनच्या नावात तेव्हा 'बी' होतं, म्हणून पांढरी चादर पांघरून, त्यावर मोठ्ठा 'बी' काढून ती रिव्हरच्या सामन्याला भूत बनून येतात. माद्रिदनंतरही ते भूत कपाटात गेलेलं नाही.