पहिली ओळ खरी लिहा

शेल स्क्रिप्ट पोर्टेबल असावी का, हा विषय निघाला की आमच्या धंद्यातली मंडळी लगेच दोन गटांत वाटली जातात. एक गट म्हणतो, सगळं पॉझिक्सप्रमाणेच लिहा. दुसरा म्हणतो, बॅश सगळीकडे असतो, कशाला डोक्याला ताप? मला विचाराल तर खरा मुद्दा वेगळाच आहे: पहिली ओळ खरी आहे का?

वर 'एसएच' लिहायचं आणि खाली बॅशचा संसार मांडायचा, ही आपली जुनी खोड. ती खपून जायची, कारण बऱ्याच लिनक्सवर एसएच म्हणजे बॅशच असायचा. मग २००६ साली उबुंटू ६.१० ने तिथे डॅश बसवला, मशीन लवकर बूट व्हावं म्हणून. २०११ च्या डेबियन ६ नेही तेच केलं. अल्पाइनच्या कंटेनरमध्ये तर बिझीबॉक्सचा ॲश.

स्क्रिप्ट नुसती बंद पडली असती तर मी काही बोललो नसतो. पण समजा तुम्ही दुहेरी चौकटी कंसात तपासताय: फोल्डरचं नाव रिकामं असेल तर थांब. डॅशला हा कंस माहीतच नाही. तो 'नॉट फाउंड' म्हणतो, इफची अट खोटी ठरते आणि स्क्रिप्ट पुढे चालू लागते! 'सेट -ई' सुद्धा इथे वाचवत नाही, कारण इफच्या अटीतलं अपयश ते मोजत नाही. आणि पुढची ओळ 'आरएम'ची असेल तर? पहारेकरीच गायब, दार सताड उघडं.

बॅश लिहिलं म्हणजे सुटलो, असंही नाही हं. ॲपलच्या मॅकसोबत येणारा बॅश अजून ३.२ च आहे. असोसिएटिव्ह ॲरे आले ४.० मध्ये, २००९ साली.

म्हणून माझा नियम साधा आहे. स्क्रिप्ट दुसऱ्याच्या मशीनवर जाणार असेल तर एसएच लिहा आणि ते पाळा: एकेरी कंस, तुलनेला एकच बरोबरचं चिन्ह, 'सोर्स'ऐवजी टिंब, 'इको -ई'ऐवजी 'प्रिंटएफ'. मग डॅशवर चालवून बघा, शेलचेकमधून काढा. ॲरेशिवाय भागतच नसेल तर खुशाल बॅश वापरा, पण तसं वर लिहा.

बॅश वापरणं हा गुन्हा नाही हो. पाटी एकाची आणि दुकान दुसऱ्याचं, हे मात्र चालणार नाही.