आग लागली तर १०१ की १०२?



गेल्या हिवाळ्यात आम्ही लेकीकडे दुबईला महिनाभर राहून आलो. एका संध्याकाळी नातवंडांनी भज्यांचा हट्ट धरला. कढईत तेल तापत ठेवलं, तेवढ्यात शेजारची मल्याळी बाई दारात आली. गप्पांत किती वेळ गेला कळलंच नाही. मागे वळून बघतो तर कढईने पेट घेतलेला!

आम्ही काय केलं असेल? पाण्याचा तांब्या भरला. नऊ वर्षांची नात ओरडली, "आजी, पाणी नको ओतूस! शाळेत सांगितलंय!" तोवर शेजारणीने गॅस बंद करून कढईवर मोठं ताट अलगद सरकवलं. हवा मिळाली नाही तशी आग विझली. ताट मात्र तिने बराच वेळ उचलू दिलं नाही. तेल गार व्हायच्या आत झाकण काढलं तर पुन्हा भडकतं, हे आम्हाला या वयात कळलं. आणि पाणी का नाही? पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, तिथे त्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सतराशे पट जागा लागते, म्हणून ती पेटतं तेल घरभर उडवते.

खरी लाज पुढेच आहे. या सगळ्या गोंधळात आम्ही फोन हातात घेतला होता आणि १०१ दाबत होतो. मुंबईत आगीचा बंब म्हणजे १०१, तेच डोक्यात. इस्रायलमध्ये १०१ म्हणजे मागेन दाविद आदोमची अँब्युलन्स, आगीला १०२. भारतात १०२ अँब्युलन्सचा. आकडे तेच, पण नेमके उलटे! अमिरातीत तर यातलं काहीच नाही. तिथे आगीला ९९७, अँब्युलन्सला ९९८, पोलिसांना ९९९.

पुढच्या आठवड्यात जावई फुजैराला घेऊन गेले. दुबईचे मनोरे मागे पडले आणि हजर पर्वत सुरू झाला. नुसता उघडा खडक, मध्ये खजुरांच्या बागा, छोटी गावं. जावई एका कोरड्या दगडगोट्यांच्या पात्राकडे बोट दाखवून म्हणाले, "ही वादी." आम्हाला ऐकू आलं वाडी! कोकणात वाडी म्हणजे माणसांची वस्ती, इथे वादी म्हणजे पाण्याची वाट. पाणी नसतं तोवर मंडळी तिथे चटई टाकून चहा पितात.

तिथल्या सिव्हिल डिफेन्सला म्हणजे बंबवाल्यांना आगीपेक्षा वेगळेच फोन येतात. जुलै २०२२ च्या अखेरीस फुजैरा आणि शारजाच्या पूर्व किनाऱ्याला पूर आला, तेव्हा बंबवाले, पोलीस आणि लष्कराने मिळून ८७० जणांना बाहेर काढलं. सात माणसं गेली, सगळी आशियाई, म्हणजे आपल्यासारखीच पोटासाठी आलेली. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळ एका दिवसाच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस पडला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत जास्त. मुंबईकर हसतील, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ पडला होता. पण उघडा खडक पाणी पीत नाही. डोंगरावर पडलेलं सगळं एकदम वादीत उतरतं, खाली ऊन असलं तरी. गुडघाभर वाहत्या पाण्यात मोटार तरंगते. २०२३ पासून पुराच्या वादीत गाडी घातली तर २,००० दिरहम दंड आणि गाडी ६० दिवस जप्त. चांगलं केलं, असं आम्ही म्हणतो. कारण आत अडकतो एक, आणि त्याला काढायला दोरी बांधून उतरतात चार जण, त्यांनाही घरी पोरंबाळं असतात.

३ ऑगस्ट २०१६ ला थिरुवनंतपुरमहून आलेलं विमान दुबईच्या धावपट्टीवर आपटून पेटलं. आतले ३०० च्या ३०० जण वाचले, त्यांत बहुतेक भारतीय. आग विझवताना स्फोट झाला आणि जासिम ईसा अल बलूशी हा रास अल खैमाचा बंबवाला तरुण तिथेच गेला.

हे ऐकताना आम्हाला आमच्या आईचं बोलणं आठवलं. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' बोट पेटली. पोटात कापूस आणि दारूगोळा, एकाच ठिकाणी! बंबवाले पाणी मारत असतानाच चारनंतर ती उडाली. ६६ बंबवाले गेले. भारतात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्यासाठीच पाळतात. मांडवीत सॅम्युअल स्ट्रीटवर, मशिदीच्या आसपास, आपली किती घरं होती! आई सांगायची, भांडी फळीवरून आपोआप खाली आली.

तो आवाज ज्यांनी स्वतः ऐकला असे आजी-आजोबा आता थोडेच उरलेत. तुमच्या घरात कुणी असेल तर मुलांनो, त्यांच्याजवळ बसून विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू. आणि हो, आमच्या फ्रिजवर आता नातीच्या अक्षरात कागद आहे. १०२ तिने लाल रंगाने लिहिलाय.