आपलं घर किती ओझं पेलतं?



गेल्या उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि बाबांनी ठरवलं, गच्चीवर आणखी एक हजार लिटरची टाकी बसवायची. जागाही पक्की केली, बेडरूमच्या बरोबर वर, मधोमध. आजी म्हणाली, "अरे, आधी कुणा जाणकाराला विचार. सत्त्याण्णव साली घरं कशी हलली, ते मी पाहिलंय."

मग ओळखीचे एक इंजिनिअर काका आले. मी इंग्रजीची पदवीधर, तरी त्यांनी चहा पिता पिता सांगितलेलं मला नीट कळलं. तेच आज तुमच्यासाठी.

डेड लोड: म्हणजे घराचं स्वतःचं वजन. स्लॅब, बीम, भिंती, फरशी. हे कधीच कमी होत नाही. एक घनमीटर आरसीसी सुमारे अडीच टन भरतं. त्या हिशेबाने १० बाय १० फुटांच्या खोलीवरचा पाच इंची स्लॅब जवळजवळ तीन टनांचा!

लाइव्ह लोड: माणसं, कपाटं, पलंग, पाहुणे. हे बदलत राहतं. राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. गच्चीवर बाग करणाऱ्यांनो, इकडे लक्ष द्या. एक फूट ओल्या मातीचा थर याच्या दुपटीहून जड होतो.

विंड लोड: वाऱ्याचा जोर. वारा पत्र्याला नुसता ढकलत नाही, वरही खेचतो. म्हणून वादळात पत्रे उडतात.

भूकंपाचा भार: बसने अचानक ब्रेक लावला की आपण पुढे झुकतो ना? हातात जड पिशवी असेल तर जास्तच. जमीन हलली की घराचंही तसंच होतं. घर जितकं जड, तितका आडवा हिसका मोठा.

आमच्या जबलपूरने हे २२ मे १९९७ च्या पहाटे अनुभवलं. ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तीसहून अधिक माणसं गेली. मदन महाल किल्ल्याजवळचा प्रसिद्ध बॅलन्सिंग रॉक मात्र पडला नाही, हे इथे प्रत्येक पाहुण्याला कौतुकाने सांगितलं जातं. पण प्रत्येक घराचं नशीब त्या खडकासारखं नसतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत काय झालं, ते आपण मराठी माणसं विसरू शकत नाही. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि छतावर मातीचा जड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच वजन झोपलेल्या माणसांवर कोसळलं.

आमच्या टाकीचं काय झालं? हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. काकांनी टाकी स्लॅबच्या मधोमध न ठेवता कॉलमांवर टेकलेल्या बीमवर बसवायला सांगितली, म्हणजे वजन थेट पायापर्यंत उतरतं. खर्च थोडा वाढला, बाबा जरा कुरकुरले. आजी मात्र निवांत झोपते.

तुम्हीही मजला चढवताना, भिंत पाडताना किंवा टाकी ठेवताना फक्त मिस्त्रीच्या अंदाजावर जाऊ नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. घर बोलत नाही, पण ओझं त्यालाही होतं.