दाखला परकीयांचा कशाला?

२६ जानेवारी २०२५. सकाळी ज्या घरांनी दूरचित्रवाणीवर कर्तव्यपथावरील संचलन पाहिले, त्यांपैकी अनेक घरांत सायंकाळी त्याच पडद्यावर ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश रॉक बँडचा कार्यक्रम रंगला होता. अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये लाखाहून अधिक श्रोते होते. हॉटस्टारवरून त्याचे थेट प्रक्षेपण देशभर झाले. गायक ख्रिस मार्टिनने ‘वंदे मातरम्’चे शब्द आळवले आणि आपण धन्य धन्य झालो!

तत्पूर्वी, १८ जानेवारीला नवी मुंबईत त्याने श्रोत्यांचे फलक वाचताना ‘जय श्रीराम’ म्हटले होते. ब्रिटनच्या दुष्कृत्यांबद्दल आपण क्षमा केली म्हणून आभारही मानले होते. त्या चित्रफिती सर्वाधिक उत्साहाने कोणी पुढे पाठवल्या? आपणच!

पाहुण्याच्या सौजन्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. रॉक संगीताचेही वावडे नाही. प्रश्न आपल्या मनाचा आहे. परकीय कंठाची मोहोर उमटल्यावाचून रामनामाचा अभिमान वाटू नये, याला स्वत्व म्हणायचे की आत्मविस्मृती? आणि दीडशे वर्षांच्या गुलामगिरीचा हिशेब टाळ्यांच्या कडकडाटात मिटवण्याचा अधिकार तिकीटधारकांना कोणी दिला? ती तिकिटेही काळ्या बाजारात अशी विकली गेली की, सक्तवसुली संचालनालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये छापे घालावे लागले. मुलाच्या तबल्याच्या शिकवणीचे शुल्क मात्र आपल्याला महाग वाटते!

‘वंदे मातरम्’ची थोरवी टाळ्यांनी ठरत नाही. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेस अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी या गीतास आक्षेप घेतला. पं. विष्णु दिगंबर पलुसकर डगमगले नाहीत. गीत पूर्ण करूनच थांबले. कुरुंदवाडच्या याच सुपुत्राने १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीताला राजदरबारातून लोकांत आणले. ख्रिस मार्टिनचे नाव तोंडपाठ असलेल्या आपल्या किती मुलांना पलुसकर ठाऊक आहेत?

हा दोष मुलांचा नव्हे, सांगणाऱ्यांचा आहे. येत्या प्रजासत्ताकदिनी घरात ही कथा सांगा आणि ‘वंदे मातरम्’ सर्वांनी मिळून संपूर्ण म्हणा. ते पाठ नसेल, तर अपराध कोल्डप्लेचा खचितच नाही.